मधली वाळू

अंधारबाईंना खरं नाव होतं, पण प्रयोगशाळेत ते फक्त हजेरीच्या यादीपुरतं उरलं होतं. तेवीस वर्षं अंधाऱ्या खोलीत काम करणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? सुरुवातीला कुणीतरी चेष्टेत म्हणालं, मग सगळेच म्हणायला लागले, आणि बाईंनाही ते आवडून गेलं. फोन उचलून त्या खुशाल "अंधारबाई बोलतेय" म्हणायच्या. पलीकडचा नवखा असला की दोन क्षण गप्प व्हायचा, आणि बाई गालातल्या गालात हसायच्या.

हे दोन वर्षांपूर्वीपर्यंतचं झालं. गेली दोन वर्षं ते नाव कानावर पडलं की बाई घाईने दुसरा विषय काढायच्या. अंधारबाईंना अंधारात दिसेनासं झालं होतं, आणि ही गोष्ट त्यांचा नवरा आणि डोळ्यांचा डॉक्टर सोडून कुणालाही माहीत नव्हती.

त्यांचं काम काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर त्यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं ते कळायचं नाही. फार फार वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगड फोडून हत्यारं केली, हातकुऱ्हाडी, तासण्या, पात्या. ती आता जमिनीत सापडतात. पण दगडाला वय विचारून उपयोग नसतो. दगड कधी झाला ते तो सांगेल, माणसाने त्याला कधी फोडलं ते सांगणार नाही. मग विचारायचं त्याच्या शेजारच्या वाळूला. हत्यार जिथे टाकलं तिथे त्याच्यावर वाळू साचत गेली, तिच्यावर आणखी थर बसले, आणि खालची वाळू उजेडाला पारखी झाली. जमिनीत सगळीकडेच किंचित किरणोत्सर्ग असतो. अंधारात पडलेला कण तो थेंबाथेंबाने साठवत राहतो. उजेड दिसला की साठवलेलं सांडून जातं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून ती वाळू उजेड न दाखवता आणायची, अंधारातच धुऊन साफ करायची, आणि मग यंत्रात घालून विचारायचं, बये, शेवटचं ऊन कधी पाहिलंस?

वाळू आणायची रीत अशी, की खणलेल्या थरात वीतभर लांबीची पोलादी नळी हातोड्याने ठोकायची आणि दोन्ही तोंडांना झाकणं लावून घेऊन यायची. ठोकताना नळीच्या दोन्ही टोकांशी उजेड लागतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत नळी उघडल्यावर दोन्ही टोकांची दोन-दोन बोटं वाळू एका बीकरमध्ये काढायची आणि मधली दुसऱ्या बीकरमध्ये. टोकाची वाळू बाहेर उजेडात नेली तरी चालते. ती भट्टीत सुकवून तिच्यातला ओलावा आणि किरणोत्सर्ग मोजतात. मधली वाळू मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. लाख वर्षांचा हिशेब तिच्यात असतो, आणि उजेडाला तो पुसायला मिनिटभरसुद्धा लागत नाही.

बाईंना ही नोकरी मिळाली होती तीच मुळी अंधारामुळे. त्याआधी त्या एका फोटो स्टुडिओत फिल्म धुवायच्या. फिल्मचे दिवस संपले, स्टुडिओच्या मालकाने दुकानाला कुलूप लावलं, आणि त्याच महिन्यात या प्रयोगशाळेची जाहिरात आली. मुलाखतीला रसायनशास्त्र शिकलेली पाच जण होती. बाईंची शाळाच कशीबशी पूर्ण झालेली. त्या वेळच्या साहेबांनी सगळ्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं आणि मंद लाल दिव्यात वाळू चाळायला सांगितली. एकाने चाळणी उपडी केली, एकीला घाम फुटला, आणि बाईंनी घरी पीठ चाळावं तशी वाळू चाळून, चाळण्या मोठ्या जाळीपासून बारीक जाळीपर्यंत क्रमाने रचून ठेवल्या. साहेब म्हणाले, "रसायनं आम्ही शिकवू. हे शिकवता येत नाही."

त्यांना स्वतःच्या या गुणाचा गर्व होता, आणि का नसावा? बाहेरून कुणी खोलीत आलं की त्याला नीट दिसायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्यात बाई त्याचं स्टूल पुढे सरकवायच्या, डोकं आपटू नये म्हणून फळीवर हात धरायच्या, वर "घाबरू नका, इथे माझ्याशिवाय कुणी चावत नाही" म्हणून त्याला हसवायच्या.

मग एके दिवशी दहा मिनिटं झाली तरी त्यांना स्वतःलाच दिसेना. वीस मिनिटं झाली. लाल दिवा तेवढा दिसत होता, एखाद्या ठिपक्यासारखा, आणि त्याच्या भोवती काहीच नव्हतं. बाई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. हे काय आहे ते त्यांना डॉक्टरने सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं.

वडील पुस्तकांची बांधणी करायचे. तिन्हीसांजेला त्यांना पायातलं पाटाएवढं स्टूल दिसेनासं झालं, मग उंबरठा, मग समोरून येणारा माणूस. ते कुणाला बोलले नाहीत. त्यांना ठेच लागली की आई म्हणायची, "यांचं लक्षच नसतं." दहा वर्षांत सगळा उजेड गेला. बाईंना त्यातली एक गोष्ट काही केल्या विसरता येत नव्हती. आंधळे झाल्यावर लोक त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायला लागले होते, जणू कानही गेले होते. आणि कामाचं काही विचारायचं झालं तर ते त्यांना सोडून आईला विचारायचे.

डॉक्टर म्हणाला, "समोरचं अजून बरंच शाबूत आहे. कडेचं कमी होतंय. अंधारातलं गेलंय, ते परत यायचं नाही. काम काय करता?"

"ऑफिसात असते," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्या बोटांनी काम करायला लागल्या. खोलीतली एकूण एक वस्तू कुठे आहे ते हातांना पाठ होतं. बीकरांवर नावं मात्र वाचता येत नव्हती. नियमाप्रमाणे बाहेर उजेडातच बीकरवर काळ्या शाईने नमुन्याचा क्रमांक आणि 'मध्य' किंवा 'टोक' लिहायचं. ते त्या लिहायच्याच. पण आत गेल्यावर लिहिलेलं काय उपयोगाचं? म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. बाहेर उजेडात नाव लिहितानाच 'मध्य'च्या बीकरला रबरबँड लावायचा. बोट फिरवलं की कळलं. दोन वर्षं त्या रबरबँडवर सगळं चाललं होतं, आणि दोन वर्षं बाई जीव मुठीत धरून जगत होत्या. पडदा सरकवून कुणी आत आलं की त्या हातातलं काम तिथल्या तिथे थांबवायच्या. कुणी "बाई, ती छोटी बाटली द्या ना" म्हणालं की त्या "तूच घे, माझे हात ओले आहेत" म्हणायच्या. दिवसातून किती वेळा त्यांचे हात ओले असायचे याची गणतीच नव्हती.

त्या दिवशी खोलीत आलेली नळी एका दगडखाणीतली होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणायचे, त्या सहा वर्षं त्या खाणीच्या मागे होत्या. तिथल्या एका थरात चाळीसच्या वर हातकुऱ्हाडी निघाल्या होत्या. थरातून तीन नळ्या काढल्या. एकीचं झाकण जीपमध्ये धक्क्याने निघालं. दुसरी ठोकली ती नेमकी उंदराच्या जुन्या बिळात, म्हणजे वरची माती खाली आलेली. तिसरी तेवढी चांगली निघाली. पुन्हा जाऊन चौथी आणावी म्हटलं तर खाणवाल्यांनी सुरुंग लावून तो थरच उडवला होता आणि त्या जागेवरून आता ट्रक जात होते. चाळीस हत्यारं कपाटात होती. ती किती जुनी ते सांगणारी जगात एवढीच एक वीतभर वाळू उरली होती.

सकाळी अकराच्या सुमाराला बाईंनी नळी उघडली. टोकाची वाळू उजवीकडच्या बीकरमध्ये, मधली डावीकडच्या, आणि डावीकडच्याला रबरबँड. रिकामी नळी पुसून मांडणीवर ठेवली, हात धुतले, आणि टोकाची वाळू भट्टीकडे न्यायला म्हणून बीकर चाचपले. पहिल्या बीकरला रबरबँड नव्हता. तेच टोकाचं, म्हणून उचलणार, तेवढ्यात खात्री करावी म्हणून दुसऱ्याला बोट लावलं. त्यालाही नव्हता.

आम्लाच्या वाफांनी रबर सडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्यांनी तो जुना रबरबँड बदलला नव्हता. त्यांनी टेबलावर हात फिरवला. तुटका रबरबँड सापडावा, तो ज्या बीकरपाशी असेल तोच मधल्याचा. शोधता शोधता त्यांनी एक बीकर सरकवला, मग दुसरा सरकवला, कोपराने एकाला धक्का लागला, तो सावरला. रबरबँड काही सापडला नाही. आणि आता डावा कुठला आणि उजवा कुठला तेही बाईंना सांगता येईना.

दोन्ही बीकर हातात घेतले. वजन जवळजवळ सारखं. बोट बुडवलं. दोन्हीकडची वाळू सारखीच गार, सारखीच ओलसर. बाहेरच्या खोलीत यंत्रवाले चहा पीत बसले होते. मोजणीचं यंत्र सांभाळणारा, सगळे यंत्रवाले म्हणायचे तो हा माणूस पंधरा वर्षं त्यांचा शेजारी, बाईंना बहिणीसारखा मानायचा. एक हाक मारली असती तर तो आत आला असता, दहा मिनिटं थांबला असता आणि लाल दिव्याशी बीकर धरून त्याने नाव वाचून दाखवलं असतं. एवढंच काम होतं. पण मग त्याने विचारलं असतं, "बाई, तुम्हाला वाचता येत नाहीये?"

बाईंनी हाक मारली नाही. त्या अंधारात उभ्या राहून त्यांनी मनाशी सगळं पुन्हा जुळवलं. धक्का उजव्याला लागला होता. सरकवला तो आधी डावा. म्हणजे भिंतीकडचा तो मधला. असणारच. त्यांनी अलीकडचा बीकर उचलला, दोन्ही दारं आणि मधला जाड काळा पडदा ओलांडून त्या बाहेर आल्या. बाहेर उंच खिडकी होती, वर ट्यूबलाइट होती. भट्टीच्या टेबलापर्यंत अकरा पावलं. त्यांनी बीकर टेबलावर ठेवला, भट्टीचा ट्रे पुसला, चिमटा घेतला आणि वळल्या.

बीकरवर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'मध्य'.

पुढचे काही क्षण बाईंना आठवत नव्हते. आपण बीकरवर दोन्ही तळहात झाकून धावत आत गेलो, एवढंच आठवत होतं. आतून कडी लावली. बीकर कपाटात ठेवला, कपाट बंद केलं, आणि कपाटाला पाठ लावून त्या खाली फरशीवर बसल्या. अकरा पावलं. ट्रे पुसला. चिमटा घेतला. मिनिट? दीड मिनिट? कुणास ठाऊक किती हजार वर्षं ती वाळू गप्प पडून होती, आणि त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन ठेवली होती.

बाहेरून यंत्रवाल्यांनी विचारलं, "काय झालं बाई? धावलात का?"

"आतला नळ उघडा राहिला होता," बाई आतून म्हणाल्या. आवाज कसा काय नेहमीसारखा निघाला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग त्या उठल्या, दुसरा बीकर बाहेर आणला, वाळू भट्टीत ठेवली, आणि कामाच्या कागदावर जिथे 'नमुन्याची स्थिती' असं छापलेलं होतं तिथे 'नेहमीप्रमाणे' असं लिहून सही केली.

संध्याकाळी नवरा त्यांना फिरायला घेऊन गेला. हा एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवून निवृत्त झालेला माणूस. दिवेलागणीनंतर रस्त्याने जाताना बायकोचा दंड धरून तो हळूच "पायरी", "खड्डा", "सायकल" असं म्हणत चालायचा, आणि लोकांना वाटायचं म्हातारपणी काय प्रेम ऊतू चाललंय. बाईंनी त्याला सगळं सांगितलं.

"अगं, कुणाला कळणार आहे?" तो म्हणाला. "एक लाख वर्षं काय नि चाळीस हजार काय. ती माणसं थोडीच येणार आहेत तक्रार करायला."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. त्याने त्यांना बाकावर बसवलं.

"सांगितलंस तर काय होईल?"

"त्या खोलीतून काढतील."

"मग दुसरं काम देतील. कागद लावायचं, फोन घ्यायचं."

"आणि माझ्याशी मोठ्याने बोलतील," बाई म्हणाल्या.

त्याला ते कळलं. सासऱ्यांशी तो स्वतःही मोठ्याने बोलायचा. मग त्याने नुसता त्यांचा हात धरून ठेवला.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते बाईंनाच ठाऊक. वाळू साफ करायच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी सौम्य आम्ल, दुसऱ्या दिवशी धुणं, तिसऱ्या दिवशी चाळणं. त्या यंत्रासारख्या करत गेल्या. शेवटची पायरी तीव्र आम्लाची. ते आम्ल हाडापर्यंत जातं, म्हणून कोपरापर्यंत हातमोजे घालून करायची. त्यात वाळूतले बाकीचे कण विरघळून फक्त गारगोटीचे उरतात, आणि ते यंत्रात जातात. मग आकडा येईल. तो कमी येईल. किती कमी, ते कुणी सांगू शकणार नाही, पण आकडा म्हणजे आकडा. यंत्राला काय माहीत कण मध्येच खिडकीपाशी जाऊन आले ते? जेवताना त्या अर्धी पोळी ताटात टाकून उठायच्या. मॅडम बोळातून जाताना दिसल्या की बाई भांडी धुवायला वळायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतःच आल्या. हातात टाइप केलेले कागद होते.

"बाई, बघा तरी. लेख तयार आहे. तुमचं नाव आभारात घातलंय," त्या म्हणाल्या. "फक्त एवढी जागा रिकामी आहे."

बाईंनी पाहिलं. डोळ्यांसमोरचं त्यांना स्वच्छ दिसत होतं. ओळीच्या मध्ये बोटभर कोरी जागा सोडलेली होती, आणि तिच्या पुढे लिहिलं होतं, 'हजार वर्षांपूर्वी'. त्या जागेत आपल्या हातून एक खोटा आकडा जाऊन बसणार. मग तो पुस्तकात जाणार, मुलं तो पाठ करणार, दुसरे शास्त्रज्ञ त्याच्यावर आणखी काही रचणार, आणि आपण मेल्यानंतरही तो तिथेच राहणार. इतके दिवस त्यांना भीती होती ती स्वतःची. ही भीती निराळी होती, आणि ती जास्त मोठी होती.

"मॅडम, बसा जरा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून चूक झालीय."

त्यांनी सांगितलं. बीकर, अकरा पावलं, ट्रे, चिमटा, कपाट, कागदावर लिहिलेलं खोटं. मॅडम ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तीव्र आम्लात घातली का?"

"नाही. आज घालायची होती."

मॅडमनी डोळे मिटून श्वास सोडला. "मग थोडं वाचलंय. गारगोटीचा कण उजेडात लगेच रिकामा होतो. पण त्या वाळूत फेल्डस्पारचेही कण असतात. ते चिवट. त्यांना रिकामं व्हायला तासन्‌तास ऊन लागतं. तुमच्या मिनिटभराने त्यांचं फारसं बिघडलेलं नसेल. आम्लात गेले असते तर ते विरघळून गेले असते. आता त्यांच्यावरून मोजू. वेळ लागेल, पण होईल."

बाईंना ते खरंच वाटेना. त्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागल्यासारखं झालं. मॅडम रागावल्याही नव्हत्या. उलट पाण्याचा ग्लास पुढे करून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण बाई, तुम्ही एवढ्या जुन्या. नाव न वाचता बीकर बाहेर कसा आणलात?"

आता लपवून काय करायचं होतं? संकट टळलं होतं. बाईंनी तेही सांगून टाकलं. वडिलांपासून सगळं. रबरबँडचंही.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. मग त्या उठल्या, फळीवरचं नमुन्यांचं रजिस्टर काढलं, दोन वर्षांमागचं पान उघडलं आणि बोट ठेवून ओळी मोजू लागल्या.

"एक्याण्णव," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं. तीन दिवस त्या एकाच बीकरचा विचार करत होत्या.

"नाही मॅडम, बाकीचे बरोबर आहेत," त्या घाईघाईने म्हणाल्या. "रबरबँड तुटला तो याच वेळी. माझी बोटं चुकत नाहीत."

"कशावरून?"

मॅडमच्या आवाजात टोमणा नव्हता. दिवसातून दहा वेळा त्या विद्यार्थ्यांना विचारायच्या तसंच त्यांनी विचारलं होतं. मागे कधी रबरबँड सैल झाला होता का? कधी घाईत लावायचा राहिला होता का? चुकीचा बीकर आत राहिला आणि बरोबरचा भट्टीत गेला, आणि बाहेर आल्यावर बीकरवरचं नाव वाचायचंच राहिलं, असं कधी झालं असेल का? नाव वाचायची त्यांची सवयच सुटली होती. त्या दिवशी वाचलं ते योगायोगाने, बीकर तसा फिरला होता म्हणून.

मॅडमनी पेन्सिल घेतली. एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. नदीकाठची गुहा. वाळूची टेकडी. विहिरीतला थर. बाईंनी पहिल्या चारपाच नावांना मान हलवून "हो, तो आठवतो, बरोबर होता" म्हटलं. सहाव्याला त्या थांबल्या. आठवत होता तो नमुना. त्या दिवशी डोकं दुखत होतं तेही आठवत होतं. बोटांनी काय केलं ते आठवत नव्हतं. मग मागच्या पाचांचंही आठवत नव्हतं, हे त्यांना कबूल करावं लागलं. प्रत्येक ओळीपुढे मॅडम पेन्सिलने एक लहानसं प्रश्नचिन्ह काढत गेल्या. एक पान झालं, दुसरं झालं.

तिसऱ्या पानावर मॅडमचं बोट अडखळलं. त्या ओळीवरचा नमुना बाईंना सांगायला नको होता. ती तळ्याकाठची हत्यारं. मागच्या वर्षी त्याच आकड्यावर मॅडमना परदेशातून बोलावणं आलं होतं, वर्तमानपत्रांत फोटो आला होता, आणि मॅडमच्या वृद्ध आईने ते कात्रण पिशवीत ठेवून आल्यागेल्याला दाखवलं होतं. बाईंनाही दाखवलं होतं.

मॅडमनी पेन्सिल कागदावर टेकवली नाही. त्यांनी वर पाहिलं. इतकी वर्षं ज्यांना आपण घाबरलो, त्यांच्या चेहऱ्यावर आपल्याच चेहऱ्यावरची भीती बाईंना स्वच्छ दिसली. समोरचं त्यांना अजून चांगलं दिसत होतं.

"हा बरोबर होता ना, बाई?" मॅडमनी विचारलं. "हा तर तुम्हाला नक्की आठवत असेल."

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. मॅडमना तोच हवा होता, आणि बाईंना त्यांचा मनापासून कळवळा आला. त्यांनी डोळे मिटून तो दिवस पुन्हा चाचपून पाहिला, खोली, टेबल, दोन बीकर. तिथे काहीच नव्हतं.

"माहीत नाही," अंधारबाई म्हणाल्या.

मॅडमनी मान खाली घातली आणि त्या ओळीपुढेही प्रश्नचिन्ह काढलं.